झिजलेली कप्पी बदलू नका

१/
गेल्या हिवाळ्यात एका रात्री मी राहते त्या घराच्या जिन्याखाली काहीतरी प्रचंड आवाज करून कोसळले. मी सध्या इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशरमध्ये, इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि एका वृद्ध बाईंच्या घरी खोली घेऊन राहते. धावत खाली गेले तो घरमालकीणबाई दिवा लावून उभ्या होत्या. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या चालत आलेल्या उभ्या घड्याळाचे सहा किलोचे शिशाचे वजन तळाची फळी फोडून जमिनीवर पडले होते. अपराधी शोधायला वेळ लागला नाही. रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याहून थोडीशी मोठी, पितळेची एक कप्पी.

आजचा धागा त्या कप्पीविषयी. विषय क्षुद्र वाटेल, याची कल्पना आहे. तरीही वाचावे अशी विनंती, कारण मला इथे एक मत मांडायचे आहे आणि ते घड्याळांपुरते मर्यादित नाही.

२/
आधी वस्तूची ओळख. ज्याला आपण 'ग्रँडफादर क्लॉक' म्हणतो, त्याला हे नाव १८७६ मध्ये हेन्री क्ले वर्क या अमेरिकन गीतकाराच्या एका लोकप्रिय गाण्यामुळे मिळाले. त्यापूर्वी दोनशे वर्षे लोक त्याला नुसते घरचे घड्याळ किंवा 'लाँगकेस', म्हणजे लांब पेटीचे घड्याळ, म्हणत. क्रिस्तियान हॉयगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. १६५८ मध्ये अहासुएरस फ्रोमँटील लंडनच्या वृत्तपत्रांत अशा घड्याळांची जाहिरात करत होता. १६७० च्या सुमारास अँकर एस्केपमेंट आले, लंबकाचा झोका आखूड झाला आणि सेकंदाला एक ठोका देणारा जवळजवळ मीटरभर लांबीचा लंबक अरुंद पेटीत मावू लागला.

पाठ्यपुस्तकांतली गोष्ट इथे संपते. पेटीचा आकार लंबकाने ठरवला, असे सांगून सगळे पुढे जातात. वजनाच्या बाजूने हिशेब सहसा कोणी करत नाही, तो आपण करू.

३/
आठ दिवसांच्या घड्याळात ज्या रिळावर दोर गुंडाळला जातो, त्या रिळाच्या चाकाला बहुधा ९६ दाते असतात. ते मिनिटकाट्याच्या आसावरच्या ८ दात्यांच्या छोट्या चक्राला फिरवते. ९६ भागिले ८ म्हणजे १२. रिळाचा एक फेरा म्हणजे बारा तास. आठ दिवस चालायचे तर १६ फेरे हवेत.

रिळाचा व्यास साधारण ५ सेंटिमीटर धरा. एका फेऱ्यात पावणेसोळा सेंटिमीटर दोर सुटतो. सोळा फेऱ्यांत अडीच मीटर.

म्हणजे वजन दोराला थेट बांधले असते, तर त्याला आठवड्यात अडीच मीटर खाली यावे लागले असते. यंत्र, तबकडी आणि खालचा चौथरा जमेस धरता घड्याळ साडेतीन मीटरांच्या घरात गेले असते. चर्चच्या मनोऱ्यात ते चालले असते. शेतकऱ्याच्या ठेंगण्या घरात ते उभेही राहिले नसते.

४/
कप्पीने हा प्रश्न सोडवला. दोर रिळावरून खाली येतो, वजनाच्या माथ्यावरील कप्पीला वळसा घालतो आणि पुन्हा वर जाऊन यंत्राखालच्या फळीला गाठ मारून बांधला जातो. शाळेत शिकलेली 'चल कप्पी' ती हीच. दोर अडीच मीटर सुटतो, वजन सव्वा मीटरच उतरते. मोबदल्यात रिळापर्यंत वजनाचा निम्माच ओढा पोहोचतो, म्हणून वजन दुप्पट घ्यावे लागते. शिसे बाळगणे परवडते, छत उंच करणे परवडत नाही.

लंबकाने पेटी अरुंद केली आणि कप्पीने ती बुटकी केली. आठवड्यातून एकदा चावी द्यावी, असे घड्याळ साध्या घरात मावले ते या दोहोंमुळे. श्रेयाच्या वाटणीत मात्र हॉयगेन्सला पुतळे मिळाले आणि कप्पीला मोडीचा भाव.

५/
कप्पीची रचना पाहू. कडेला खाच असलेले पितळेचे चाक. काही भरीव, काही आऱ्यांची. चाकाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडाची वाकवलेली पट्टी, जिला इंग्रज घड्याळजी 'रिकीब' म्हणतात, आणि घोड्याच्या रिकिबीशी तिचे साम्य खरोखरच आहे. रिकिबीच्या दोन कानांतून चाकाच्या भोकात गेलेली पोलादी आस, दोन्ही टोकांना ठोकून बसवलेली. खाली आकडा, आकड्याला वजन. दोर म्हणजे मेंढीच्या आतड्याची तात. आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीला लावत ती तातच.

६/
आता एक गंमत. ही कप्पी किती फिरते?

खाचेचा व्यास साडेचार सेंटिमीटर धरला, तर घेर होतो चौदा. वजन सव्वा मीटर उतरते, तेव्हा कप्पी जेमतेम नऊ फेरे घेते. आठ दिवसांत नऊ! चावी देताना तितकेच उलटे, पण ते मिनिटाभरात. दर रविवारी चावी देणाऱ्या घरात वर्षाला आठ-नऊशे फेरे होतील. अडीचशे वर्षांत सुमारे दोन लाख.

तुमच्या डोक्यावरचा पंखा मिनिटाला तीनशे फेरे घेत असेल, तर दोन लाखांचा आकडा तो बारा तासांच्या आत गाठतो. घड्याळाच्या कप्पीने अडीच शतकांत जे केले, ते पंखा एका रात्रीत करतो.

मग ती झिजते कशाने?

७/
भार, धूळ आणि उपेक्षा. संपूर्ण वजन तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीच्या आसेच्या खालच्या अंगावर टेकलेले असते, आणि आस फिरत नसल्यामुळे नेहमी त्याच अंगावर. चाकाचे भोक फिरत राहते, म्हणून ते चहूबाजूंनी सारखे मोठे होत जाते; आस मात्र एकाच बाजूने खाल्ली जाते. काही कप्प्यांत आस चाकाला घट्ट बसलेली असते आणि दोन्ही मिळून रिकिबीत फिरतात. तिथे रिकिबीची भोके वरच्या कडेला लांबट होतात.

प्रथमदर्शनी विपरीत वाटणारी बाब अशी की झिजते ते बहुधा कठीण पोलाद. पितळ मऊ असते. हवेतले वाळूचे आणि काजळीचे कण त्यात रुतून बसतात, आणि रुतलेले कण धारेच्या दगडासारखे पोलादाला घासत राहतात. कोणा काळजीवाहू गृहस्थाने वर सढळ हाताने तेल ओतले असेल तर पाहायलाच नको. तेलात धूळ मिसळून पॉलिश करायची उत्तम लुकटी तयार होते.

(यॉर्कशरच्याच फाउल्बी गावी १६९३ मध्ये जन्मलेल्या जॉन हॅरिसनने हे दुखणे फार लवकर ओळखले होते. तारुण्यात त्याने बरीचशी लाकडी यंत्रे बनवली आणि घर्षणाच्या जागी लिग्नम व्हिटे हे स्वतःच तेलकट असणारे लाकूड वापरले. रेखांशाच्या कीर्तीखाली त्याचे हे काम झाकले जाते. त्यावर कधीतरी वेगळा धागा.)

८/
झिजलेली कप्पी दोन प्रकारे त्रास देते. पहिला प्रकार हळू. चाक अडखळू लागले की तातीचा काही ओढा घर्षणातच खर्च होतो. वजन उतरताना रिळाकडे निम्म्याहून कमी बळ पोहोचते, आणि चावी देताना उलट हाताला जास्त जोर लागतो. घड्याळ अशक्त होते, थंडीत थांबते. लोक मग वजन वाढवतात, म्हणजे आसेवरचा भार वाढवतात, म्हणजे झीज वाढवतात. मी पाहिलेल्या एका घड्याळाच्या वजनाखाली कोणीतरी शिशाची अख्खी पेटी तारेने बांधली होती.

दुसरा प्रकार आमच्याकडे घडला. भोक मोठे झालेले चाक डुगडुगू लागले, कलले, रिकिबीला घासू लागले. त्या फटीत एके दिवशी तात शिरली आणि दर तासाला थोडी थोडी चावली गेली. बारा-बारा तासांत ७८ ठोके, आठ दिवसांत १२४८. प्रत्येक ठोक्याला ठोक्यांच्या बाजूचे वजन किंचित हिसका खाऊन उतरते. त्या रात्री घड्याळाने दोन ठोके दिले आणि तात तुटली.

९/
उपाय सोपा होता, आणि माझा वाद त्या सोप्या उपायाशीच आहे. घरमालकीणबाईंचा भाचा दुसऱ्या दिवशी आला, त्याने मोबाइल काढला आणि पाच मिनिटांत नव्या चकचकीत कप्प्यांची जोडी मागवली. दोन्ही कप्प्या जोडीने मिळतात, त्यामुळे शाबूत असलेली दुसरीही जाणार होती. जुन्यांचे काय करायचे, या प्रश्नावर तो मनापासून गोंधळला. पितळ आहे, भंगारात देऊ, असे म्हणाला.

त्याला दोष देत नाही. नवी जोडी स्वस्त असते आणि कारागिराचा तास महाग. शिवाय गेल्या दोन-तीन दशकांत या घड्याळांच्या किमती इतक्या उतरल्या आहेत की लिलावात अनेकदा दुरुस्तीच्या खर्चाएवढेही पैसे येत नाहीत. ज्या वस्तूला बाजार किंमत देत नाही, तिच्या अवयवांचा विचार कोण करतो? यंत्र एका घड्याळाचे, पेटी दुसऱ्याची, वजने तिसऱ्याची, अशी जुळवाजुळव त्यामुळेच सर्रास आढळते.

१०/
मी फक्त एवढी विनंती केली की कप्प्या बदलण्यापूर्वी त्या कोणा जाणत्याला दाखवाव्यात. शेजारच्या गावी सत्तरी ओलांडलेले एक घड्याळजी आजोबा आहेत. त्यांनी दोन्ही कप्प्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला भिंग दिले.

त्या जोडीच्या नव्हत्याच. काळ दाखवणाऱ्या बाजूची, म्हणजे समोरून पाहता उजवीकडची, कप्पी घडीव होती: रिकिबीवर कानशीचे तिरपे घाव, चाकाला चार आरे, आस साडेतीन मिलिमीटरवरून खाऊन अडीचवर आलेली. ठोक्यांच्या बाजूची, डावीकडची, कप्पी भरीव, बिडाच्या घाटाची, बरीच अलीकडची. आजोबांनी विचारले, पेटीच्या तळाची फुटलेली फळी आणली आहे का? मी आणली होती. तिच्या डाव्या अर्ध्या भागाला पूर्वीच एक ठिगळ होते, हातकरवतीने कापलेले, हाताने घडवलेल्या खिळ्यांनी बसवलेले.

म्हणजे हे वजन पूर्वीही एकदा पडले होते. त्या वेळी डावी कप्पी मोडली किंवा हरवली, कोणीतरी तळ सांधला आणि एक कप्पी नवी घेतली. एकच घेतली, दोन नव्हे, कारण दुसरी अजून चालत होती आणि पैसे मोजून खर्च करायची त्या घरची रीत होती. चार पिढ्यांत हे कोणाला ठाऊक नव्हते. बाईंनाही नाही.

११/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण घड्याळांकडे कुठून जातो? १९६७ मध्ये ई. पी. थॉम्पसन यांनी 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकात काळ, श्रमशिस्त आणि औद्योगिक भांडवलशाही यांवर जो निबंध लिहिला, तिथून. योग्यच आहे, तो निबंध वाचून मी या विषयाकडे आले. त्यात लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'चा उल्लेख आहे. या कादंबरीतला बाप दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री जिन्याच्या माथ्यावरच्या मोठ्या घड्याळाला स्वहस्ते चावी देतो. १७९७ मध्ये पंतप्रधान पिटने घड्याळांवर बसवलेला आणि वर्षभरात मागे घ्यावा लागलेला कर आहे. इतर अभ्यासकांनी मृतांच्या मालमत्तेच्या याद्या चाळून कोणत्या थरात घड्याळे पोहोचली, हे मोजले.

या सर्व साधनांतून घड्याळ कोणाच्या घरी होते, हे कळते. ते चालू होते का, हे कळत नाही. यादीत 'एक घड्याळ' असे लिहिणारा कारकून त्याची टिकटिक ऐकायला थांबत नसे. चाळीस वर्षे बंद पडलेले घड्याळही मालमत्ताच असते.

कप्पीची झीज मात्र चालल्याखेरीज होत नाही. तिचा प्रत्येक उलटा फेरा म्हणजे कोणीतरी चावी हातात घेऊन पेटीसमोर उभे राहिले होते. इतका थेट पुरावा सहसा मिळत नाही.

१२/
आपल्या वाचकांना हे पटवायला फार कष्ट पडू नयेत. एखाद्या जुन्या विहिरीच्या काठच्या दगडात दोराने पाडलेल्या खाचा आपण सगळेच थबकून पाहतो, फोटो काढतो, बोट फिरवतो. पाणी शेंदणाऱ्या बायकांची नावे कुठल्याच दफ्तरात नसतात, त्या खाचांत त्यांचे श्रम असतात. त्या खाचा कोणी सिमेंटने लिंपून 'दुरुस्त' केल्या, तर आपण पेटून उठू. पितळेच्या कप्पीच्या बाबतीत तोच अपराध घडतो तेव्हा मात्र त्याला सर्व्हिसिंग म्हणतात.

१३/
इंग्लंडात हा वाद नवा नाही. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली, ती याच रागातून. जुनी चर्चे 'मूळ रूपात' आणण्याच्या नावाखाली शतकांचे थर खरवडून टाकले जात होते. मॉरिसचे म्हणणे थोडक्यात असे होते की जीर्णोद्धार करू नका, वेळच्या वेळी डागडुजी करा. इमारतींच्या क्षेत्रात हे तत्त्व आज बहुमान्य आहे. घराघरांतल्या यंत्रांपर्यंत ते अजून पोहोचायचे आहे.

१४/
मग डागडुजी कशी होते? मी ती शेजारी बसून पाहिली, म्हणून सविस्तर सांगते.

आधी मोजमाप. आसेची जाडी तीन ठिकाणी, भोकाचा व्यास, रिकिबीच्या दोन कानांमधले अंतर, खाचेची खोली. चारही बाजूंनी छायाचित्रे. मग कानशीने आसेचे एकच टोक, ठोकून पसरवलेला भाग तेवढा, हलक्या हाताने उतरवायचा आणि आस दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची. रिकिबीला कानस लागता कामा नये.

चाक लेथवर चढवायचे. इथे नवशिका चुकतो. मधले भोक झिजून केंद्रापासून सरकलेले असू शकते. त्याचाच आधार घेऊन चाक धरले तर चूक कायमची होते. चाक बाहेरच्या कडेवरून केंद्रात आणतात, भोक थोडेसेच वाढवून पुन्हा गोल करतात, त्यात पितळेचे बारीक बुश दाबून बसवतात आणि त्या बुशला नव्या आसेच्या मापाचे छिद्र पाडून रीमरने साफ करतात. पितळ जुन्याशी मिळतेजुळते, पण लपवलेले नाही. भिंगातून बुशची कड स्वच्छ दिसते, दिसायलाच हवी.

नवी आस पोलादाची, आरशासारखी घासलेली. रिकिबीचे फाकलेले कान हाताने सरळ करायचे, म्हणजे चाक आणि कान यांच्यामध्ये तात शिरण्याएवढी फट उरत नाही. आस बसवून टोक ठोकायचे, तेही इतपतच की पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला ते पुन्हा उघडता यावे. आसेवर तेलाचा एक थेंब. खाचेला तेल नाही, तातीला तर मुळीच नाही.

खाच ते घासत नाहीत. तीक्ष्ण कड असेल तर ती मोडतात, बाकी जुनी चकाकी तशीच. आणि पूर्वीच्या कोणी तातीऐवजी पोलादी तार लावली असेल, तर ती काढून पुन्हा तात. तार तुटत नाही, हे खरे. पण ती पितळ कापते. तुटायचेच असेल तर अडीचशे वर्षांच्या चाकापेक्षा दर काही वर्षांनी बदलता येणारी तात तुटलेली बरी. वजन पडायच्या आधी ती बदलावी लागते, एवढेच.

१५/
एक आक्षेप मला स्वतःलाच छळतो. ज्या झिजेला मी पुरावा म्हणते, ती भोक वाढवताना नष्ट होतेच. म्हणजे कमी नासाडी करणारी दुरुस्तीसुद्धा थोडा पुरावा खाते. हे मान्य करावे लागेल. म्हणूनच मोजमाप आधी, छायाचित्र आधी, आणि काढलेली आस जपून ठेवणे अनिवार्य. घड्याळ कायमचे बंद ठेवून झीज गोठवावी, असेही काही संग्रहालये करतात. एकमेवाद्वितीय यंत्रांसाठी तो मार्ग बरोबर असेल. पण घरात उभ्या असलेल्या, गावच्या कारागिराने बनवलेल्या शेकडो घड्याळांना तो नियम लावला तर ती आधी मुकी होतील आणि मग कोणाला नकोशी. चालणारे घड्याळ घरात टिकते. बंद घड्याळाच्या पेटीत दोन पिढ्यांनी छत्र्या ठेवल्या जातात.

दुसरा आक्षेप भाच्याचा: एवढ्या खटाटोपाचे पैसे कोण देणार? यावर माझ्याकडे मोठे उत्तर नाही. आजोबांनी दोन्ही कप्प्यांना मिळून अर्धा दिवस घेतला आणि नव्या जोडीच्या काही पट पैसे घेतले. बाईंनी ते दिले, कारण मधल्या काळात त्यांना आपल्या घड्याळाविषयी एक नवी गोष्ट कळली होती. माहिती नसती तर त्यांनीही दिले नसते, आणि ते स्वाभाविक ठरले असते. ही माहिती पुरवणे हे आपले, म्हणजे इतिहास वाचणाऱ्यांचे, काम आहे असे मला वाटते.

१६/
डावीकडची भरीव, अलीकडची कप्पी बदलून घडीव नमुन्याची करून घ्यावी, म्हणजे जोड जुळेल, असे बाईंनी सुचवले होते. आजोबांनी नकार दिला. विजोडपण हाच त्या घराचा दस्तऐवज आहे, असे मी म्हटले. ते म्हणाले की ती चांगली चालते, मग कशाला. आमची कारणे निराळी होती, निर्णय एकच.

१७/
आता घड्याळाच्या पेटीच्या दाराआड, आतल्या बाजूला, एक लिफाफा टाचला आहे. त्यात जुन्या दोन्ही आसा, तुटलेल्या तातीचा तुकडा, मोजमापांचा कागद आणि तारीख. यंत्राच्या पितळी पत्र्यावर आजोबांनी आपली आद्याक्षरे आणि वर्ष टाचणीने कोरले, कारण तिथे एकोणिसाव्या शतकातल्या तीन घड्याळजींनी तसे आधीच कोरून ठेवले होते आणि चौथ्यासाठी जागा होती. तळाच्या फळीला नवे ठिगळ जुन्या ठिगळाशेजारी बसले आहे.

दर रविवारी संध्याकाळी चावी देण्याचे काम बाईंनी माझ्याकडे सोपवले आहे. उजवीकडची कप्पी वर येताना पूर्वी कुरकुरत असे, आता आवाज येत नाही. भाच्याने मागवलेली नवी जोडी परत पाठवली. टपालखर्च मला द्यावा लागला.